इंटरनॅशनल स्कूलचा शुक्रवारचा 'वीकली': नव्या पालकांनी तो कसा वाचायचा, कसा पाळायचा

माझी मुलगी तिसरीपर्यंत गंगापूर तालुक्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकली. तिथे शाळेची बातमी घरी यायला कागद लागत नव्हता. गुरुजी रस्त्यात भेटले की सांगायचे, "ताई, उद्या लेकराला डबा देऊ नका, गोडाचं जेवण आहे." चौथीला आम्ही छत्रपती संभाजीनगरला राहायला आलो आणि तिला एका इंटरनॅशनल स्कूलमध्ये घातलं. इथे दर शुक्रवारी दुपारी ईमेलवर इंग्रजीतलं आठ-नऊ पानांचं पत्रक येतं. शाळेत त्याला 'वीकली' म्हणतात, काही ठिकाणी 'न्यूजलेटर' किंवा 'बुलेटिन'. पहिले तीन आठवडे मी ते वरवर पाहिलं. रंगीत फोटो, मुख्याध्यापिकांचं मनोगत, कुणाला तरी मिळालेलं पदक. मला वाटलं शाळेची जाहिरात आहे.

चौथ्या सोमवारी वर्गातल्या प्रत्येक मुलाने घरातली एक जुनी वस्तू नेली होती. माझं लेकरू रिकाम्या हाताने गेलं. संध्याकाळी जेवताना ते गप्प होतं, आणि झोपताना म्हणालं, "आई, सगळ्यांनी काहीतरी आणलं होतं." आमच्या गावाकडच्या घरात जातं आहे, धान्य मोजायची पायली-अधोली आहे, सासऱ्यांनी जपून ठेवलेला मोटेचा चाक आहे. सगळं असून तिच्या हातात काही नव्हतं, कारण पाचव्या पानावरच्या दोन ओळी मी वाचल्या नव्हत्या. त्या रात्री मी आधीचे सगळे वीकली काढून शब्दकोश घेऊन बसले.

आता ती सातवीत आहे. गावाकडून, तालुक्याच्या ठिकाणाहून, किंवा शेंद्रा-बिडकीनच्या नव्या कंपन्यांमुळे शहरात येऊन अशा शाळेत मुलं घालणाऱ्या पालकांना मी जे तोंडी सांगत असते, ते इथे क्रमाने लिहिते.

१. आधी शाळा कोणत्या मंडळाची आहे ते नक्की करा

पाटीवर 'इंटरनॅशनल' लिहिलं म्हणजे आंतरराष्ट्रीय अभ्यासक्रम असतोच असं नाही. मराठवाड्यात त्या नावाच्या कितीतरी शाळा सीबीएसईच्या आहेत. त्यात वाईट काही नाही, पण वीकलीमधली भाषा आणि कामं त्यावर ठरतात, म्हणून हे आधी समजून घ्या.

आयबी, म्हणजे इंटरनॅशनल बॅकलॉरिएट, ही संस्था १९६८ साली जिनिव्हात सुरू झाली. तिचे शाळेतले टप्पे असे: तीन ते बारा वर्षांसाठी पीवायपी, अकरा ते सोळासाठी एमवायपी, आणि सोळा ते एकोणीससाठी डीपी. केंब्रिज हे इंग्लंडमधलं परीक्षा मंडळ. त्याच्या शाळेत प्रायमरी, लोअर सेकंडरी, मग आयजीसीएसई (साधारण आपली दहावी) आणि त्यानंतर ए लेव्हल (साधारण बारावी). सीबीएसईत तुमच्या ओळखीची दहावी-बारावी.

आयबीच्या वीकलीत 'युनिट' (काही आठवडे चालणारा एक विषय), 'इन्क्वायरी' (शोध घेणं), 'रिफ्लेक्शन' हे शब्द सतत येतील. केंब्रिजच्या वीकलीत 'चेकपॉइंट' (टप्प्याच्या शेवटची चाचणी) आणि परीक्षेची सत्रं येतील. आयजीसीएसईची मार्च महिन्यातली परीक्षा भारतातल्या शाळांसाठी असते, ही गोष्ट मोठ्या मुलांच्या पालकांनी लक्षात ठेवावी. सीबीएसईच्या पत्रकात चाचण्यांचं वेळापत्रक आणि दप्तराविना शाळेचे दिवस दिसतील.

खात्री करायची असेल तर शाळेच्या माहितीपुस्तिकेवर थांबू नका. आयबीच्या संकेतस्थळावर शाळा शोधायची सोय आहे, सीबीएसईच्या संलग्न शाळांची यादीही उघडी आहे. एक शब्द नीट वाचा: 'कँडिडेट'. आयबीची कँडिडेट शाळा म्हणजे मान्यता मिळवायच्या वाटेवर असलेली शाळा. मान्यता मिळालेली नव्हे. फी भरण्याआधी हा फरक विचारून घ्या.

२. हाताशी काय काय ठेवायचं

• एक ईमेल, जो आई-वडील दोघांच्याही फोनवर उघडतो. आम्ही प्रवेशाच्या अर्जावर घाईत दिरांचा पत्ता दिला होता आणि पहिला आठवडा सगळी पत्रं त्यांच्याकडे जात राहिली. अर्जावर कुणाचा पत्ता आहे ते आज तपासा.
• शाळेच्या अ‍ॅपचा पासवर्ड, वहीत लिहून ठेवलेला. कुठे टॉडल असतं, कुठे मॅनेजबॅक, कुठे गूगल क्लासरूम.
• भिंतीवरचं मराठी कॅलेंडर, सण आणि अमावास्या दाखवणारं. फोनमधलं पुरत नाही. घरातल्या सगळ्यांना दिसेल असं हवं.
• एक फाइल: जन्मदाखला, आधार, जुन्या शाळेचा दाखला, लसीकरणाचं कार्ड, रक्तगट, पासपोर्ट आकाराचे आठ-दहा फोटो. लेकराला शेंगदाण्याची, औषधाची किंवा आणखी कशाची अ‍ॅलर्जी असेल तर डॉक्टरांची चिठ्ठी.
• पिकअप कार्ड, म्हणजे मुलाला न्यायला येणाऱ्या माणसाचं ओळखपत्र. आजोबांचं वेगळं करून घ्या. कार्ड नसेल तर शाळा सख्ख्या आजोबांकडेही मूल सोपवत नाही, आणि ते बरोबरच आहे.
• एक खोकं. त्यात पुठ्ठे, जुनी मासिकं, लोकर, शिंप्याकडचे कापडाचे तुकडे, बाटल्यांची झाकणं. रविवारी रात्री नऊ वाजता 'उद्या झाकणं पाहिजेत' असं कळलं की या खोक्याची किंमत कळते.
• इंग्रजी वाचायला अडचण येत असेल तर फोनमध्ये गूगल लेन्स. पानावर कॅमेरा धरला की मराठीत अर्थ दिसतो. भाषांतर ओबडधोबड असतं, पण तारीख आणि वस्तू कळते.

३. वीकली शेवटापासून वाचायला सुरुवात करा

माझ्या अनुभवात या पत्रकाची पहिली दोन-तीन पानं वाचायला छान असतात आणि कामाची ओळ पुढे कुठेतरी बारीक अक्षरात असते. म्हणून मी क्रम उलटा केला.

सर्वांत आधी 'अपकमिंग डेट्स' किंवा 'डेट्स टू रिमेंबर' ही चौकट. ती कॅलेंडरवर उतरवायची, तेव्हाच्या तेव्हा, पेनाने. मग आपल्या इयत्तेचा भाग. इथे 'ग्रेड फोर' म्हणजे आपली चौथी, पण केंब्रिजच्या काही शाळांत 'इयर' हा शब्द असतो आणि इयर फाइव्ह साधारण आपल्या चौथीशी जुळतं. चुकून दुसऱ्या वर्गाची सूचना पाळू नका. त्यानंतर बसचा भाग, कारण कार्यक्रमाच्या दिवशी बसची वेळ बदलते. सगळ्यात शेवटी मनोगत आणि फोटो, चहा घेत, मुलीला शेजारी बसवून.

शुक्रवारी संध्याकाळी अर्धा तास. शनिवारी नको, रविवारी तर नकोच, कारण वस्तू गावाकडून आणायची असेल तर शनिवारची एसटी हाताशी पाहिजे.

वाचताना तीन प्रकारच्या ओळींवर खूण करते: काय न्यायचं आहे, कुठे सही करायची आहे, कुठे आपण जायचं आहे. बाकी सगळं निवांत.

४. अडवणारे शब्द

'असेंब्ली' म्हणजे परिपाठ, पण इथे दर आठवड्याला एक वर्ग तो पूर्ण सादर करतो आणि पालकांना बोलावतात. पंधरा-वीस मिनिटांचा कार्यक्रम असतो. नोकरी, शेत, दुकान सोडून तेवढ्यासाठी कशाला जायचं असं वाटतं. जा. स्टेजवरून मूल पहिलं आपलं माणूस शोधतं.

'हाउस' म्हणजे घर नव्हे. सगळ्या शाळेच्या मुलांचे चार गट करतात, प्रत्येकाचा रंग ठरलेला असतो. 'हाउस टी-शर्ट' असं लिहिलं असेल तर त्या दिवशी गणवेश घालायचा नाही.

'शो अँड टेल': वस्तू दाखवून तिच्याबद्दल बोलायचं. वस्तू महागडी असायची गरज अजिबात नाही.

'रिफ्लेक्शन': आपण काय शिकलो, कुठे अडलो, याचा मुलाने स्वतः केलेला विचार. हे पालकांनी लिहून द्यायचं नसतं. मी पहिल्यांदा सुवाच्य अक्षरात लिहून दिलं होतं. बाईंनी परत पाठवलं आणि फार गोड शब्दांत लिहिलं की आम्हाला तिचं मोडकंतोडकं वाक्यच हवं आहे.

'लर्नर प्रोफाइल': आयबीने विद्यार्थ्यात असावेत असे दहा गुण सांगितले आहेत. जिज्ञासू, विचारी, संवाद साधणारा, तत्त्वाने वागणारा, मोकळ्या मनाचा, इतरांची काळजी घेणारा वगैरे. त्यातला 'रिस्क-टेकर' हा शब्द आमच्या घरी गैरसमज करून गेला. वीकलीत मुलीचं नाव 'रिस्क-टेकर ऑफ द वीक' म्हणून आलं आणि सासरे घाबरले, पोरगी कुठं चढली-बिढली की काय. इंग्रजी येत नसताना तिने वर्गासमोर उभं राहून प्रश्न विचारला होता, त्याचं ते कौतुक होतं. नवी गोष्ट करून पाहायचं धाडस, एवढाच त्याचा अर्थ.

'कन्सेंट फॉर्म' म्हणजे संमतिपत्र. 'आरएसव्हीपी' म्हणजे येणार की नाही ते कळवा. हे न कळवता गेलात तरी कुणी परत पाठवत नाही, पण खुर्च्या आणि खाणं त्या आकड्यावर ठरलेलं असतं.

५. युनिट सुरू झालं की घर उघडा

हा भाग मला सगळ्यात जवळचा आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

पीवायपीत अभ्यास सहा मोठ्या सूत्रांभोवती फिरतो: आपण कोण आहोत, स्थळकाळात आपण कुठे आहोत, आपण स्वतःला कसं व्यक्त करतो, जग कसं चालतं, आपण आपली व्यवस्था कशी लावतो, आणि ही पृथ्वी सगळ्यांनी मिळून कशी वापरायची. एकेक युनिट काही आठवडे चालतं. वीकलीत त्याची सुरुवात एका वाक्याने होते, त्याला 'सेंट्रल आयडिया' म्हणतात. त्याखाली 'घरून कशी मदत करता येईल' असं काहीतरी असतं. ती ओळ सोडू नका.

चौथीच्या दिवाळीनंतर पाण्याचं युनिट आलं. मला आधी वाटलं, आता इंटरनेटवरून ग्लेशियर वगैरे शोधायला लागणार. तेवढ्यात सासरे गावाहून आले. नातीची वही पाहून विचारलं, "काय लिहायलीस गं बाई?" ती म्हणाली, "पाणी." ते तिथेच खाली बसले आणि १९७२ च्या दुष्काळाचं सांगायला लागले. दुष्काळी कामावर खडी फोडायला कसे जायचे, खायला सुकडी कशी मिळायची, विहिरीत उतरून वाटीने पाणी कसं भरायचे. ती दोन तास लिहीत होती. मधेच म्हणाली, "आजोबा, हळू सांगा."

पुढच्या रविवारी आम्ही तिला शहरातली पाणचक्की, म्हणजे पाण्यावर चालणारी जुनी चक्की, दाखवली. हे शहर खडकी या नावाने १६१० मध्ये मलिक अंबरने वसवलं, आणि डोंगराकडचं पाणी जमिनीखालच्या नहरीतून गावात आणलं. पाणी उताराने मातीच्या नळांतून कसं येतं, ते तिने चित्र काढून दाखवलं. मग पैठणला जायकवाडी धरण. आपल्या शहराचं पिण्याचं पाणी तिथून येतं, आणि तरीही नळाला ते रोज का येत नाही, हा प्रश्न तिने स्वतः काढला. लातूरला २०१६ साली मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं, ते माझ्या भावाने फोनवर सांगितलं. माझं माहेर औशाकडचं, त्या टँकरच्या रांगेत तो स्वतः उभा राहिलेला.

वर्गात तिने हे सगळं अर्ध्या मराठीत, अर्ध्या इंग्रजीत मांडलं. कोरियाहून आलेल्या तिच्या वर्गमैत्रिणीने विचारलं, वाटीने घागर भरायला किती वेळ लागतो? हा प्रश्न तिने आजोबांना फोन करून विचारला.

तेव्हापासून मी प्रत्येक पालकाला सांगते: युनिट आलं की आधी घरात पाहा, मग फोनमध्ये. व्यवस्थेचं युनिट असेल तर बाजार समितीत घेऊन जा, आडत म्हणजे काय, माप कोण घालतं ते पाहू द्या. व्यक्त होण्याचं असेल तर पैठणला हातमागावर मोर कसा विणतात ते दाखवा, आपल्या शहरातलं हिमरू कापड दाखवा, आजीच्या जात्यावरच्या ओव्या लिहून घ्या. शाळेला हेच हवं असतं. ज्या घराला वाटतं की 'आपल्याला इंग्रजी येत नाही, आपण काय मदत करणार', त्या घराकडे द्यायला सगळ्यांत जास्त असतं.

इथला सापळा एकच: तयार प्रकल्प विकत आणणं. स्टेशनरीच्या दुकानात थर्माकोलचं धरण मिळतं. ते नेलं की मूल त्याबद्दल एक वाक्य बोलू शकत नाही, आणि बाईंना ते लगेच कळतं.

पाचवीत पीवायपीचं शेवटचं मोठं काम येतं, 'एक्झिबिशन'. मुलं स्वतः विषय निवडतात, गटात कित्येक आठवडे शोध घेतात आणि सगळ्या शाळेसमोर मांडतात. वीकलीत त्याची सूचना फार आधीपासून येते आणि माहितगार माणसांची मदतही मागतात. तुमच्या ओळखीत पशुवैद्य, विणकर, वायरमन, बचतगटाची ताई कुणीही असेल तर नाव कळवा.

६. सहलीची सूचना आली की

शाळेतून वेरूळ, अजिंठा, देवगिरी, पैठण, बीबी का मकबरा इथे नेतात. कधी लोणारलाही. सूचना साधारण दोन-तीन आठवडे आधी येते. तुम्हाला यायला सांगितलं असेल, किंवा तुम्हीच मुलांच्या एखाद्या गटाला न्यायचं ठरवलं असेल, तर आधी वार पाहा: अजिंठा सोमवारी बंद असतं आणि वेरूळ मंगळवारी. हे माहीत नसल्याने एका वाढदिवसाला आम्ही सात मुलं घेऊन वेरूळच्या फाटकातून परत आलो होतो.

वेरूळ शहरापासून तीसेक किलोमीटर, अर्ध्या दिवसाचं काम. चौतीस लेणी आहेत, सगळी एका दिवसात लहान मुलांना दाखवू नका. एक ते बारा बौद्ध, तेरा ते एकोणतीस हिंदू, तीस ते चौतीस जैन. सोळावं कैलास आणि बाकीच्यांपैकी एकेक पुरे. अजिंठा शंभर किलोमीटरच्या आसपास, सकाळी लवकर निघावं लागतं. फर्दापूरच्या फाट्यावर आपली गाडी सोडून तिथल्या बसने चार किलोमीटर आत जायचं असतं, म्हणून मुलांच्या पिशव्या हलक्या भरा. चित्रांच्या लेण्यांत फ्लॅश चालत नाही. पंधरा वर्षांखालच्या मुलांना पुरातत्त्व खात्याच्या स्मारकांत प्रवेशाचे पैसे लागत नाहीत. सहलीच्या हिशेबात मुलांच्या तिकिटाची रक्कम दिसली तर शाळेला शांतपणे विचारा.

सहलीच्या दिवशी द्यायचं: ओळखपत्र, टोपी, दोन बाटल्या पाणी, सुका खाऊ, अंगाला सैल कपडे, आणि नवे नसलेले बूट. नव्या बुटांनी पायाला फोड येतात. औषध असेल तर मुलाच्या पिशवीत टाकू नका. चिठ्ठीसह बाईंच्या हातात द्या.

संमतिपत्र वेळेत गेलं नाही तर मूल शाळेतच राहतं. त्या दिवशी रिकाम्या वर्गात दोन-तीन मुलं बसलेली असतात. ते टाळा.

७. एसएलसी आणि पीटीएम यांतला फरक

पीटीएम म्हणजे पालकसभा, आपण आणि शिक्षक बोलतो. एसएलसी, म्हणजे स्टुडंट-लेड कॉन्फरन्स, यात मूल आपल्याला बोलावून स्वतःचं काम दाखवतं. शिक्षक बाजूला उभे असतात. माझे यजमान पहिल्या वेळी सरळ बाईंकडे गेले आणि "गणितात कशी आहे?" विचारलं. लेक फाइल हातात धरून उभी राहिली.

तिथे गेल्यावर मुलाच्या समोर बसा. फोन पिशवीत ठेवा. चूक दिसली तरी त्या वेळी दुरुस्त करू नका. तीन प्रश्न पुरतात: यातलं तुला कोणतं काम आवडलं, अवघड काय गेलं, पुढे काय करणार आहेस. हे मराठीत विचारा. मुलाने मराठीत उत्तर दिलं तर कुणीही नावं ठेवत नाही. कितीतरी पालक इंग्रजीच्या धास्तीने जातच नाहीत, आणि मूल वर्गमित्राच्या आई-वडिलांना आपली फाइल दाखवतं. हे मी दोनदा पाहिलं आहे आणि दोन्ही वेळा मला तिथे उभं राहवलं नाही.

मराठीवरून आणखी एक. २०२० च्या कायद्याने महाराष्ट्रात सर्व मंडळांच्या शाळांत पहिली ते दहावी मराठी शिकवायची आहे. वीकलीत मराठी विषयाचा मजकूर आठवडेच्या आठवडे दिसला नाही, तर पीटीएममध्ये त्याबद्दल विचारा. पुस्तक कोणतं, आठवड्याला तास किती, शिकवतं कोण.

८. फोटोंची परवानगी

वीकलीत मुलांचे फोटो छापतात, समाजमाध्यमांवरही टाकतात. प्रवेशाच्या कागदांत याची संमती असते आणि आपण न वाचता सही करतो. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहितीच्या कायद्यात अठरा वर्षांखालच्या मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती महत्त्वाची मानली आहे. शाळेच्या अंतर्गत पत्रकात चालेल पण बाहेर नको, असं लेखी कळवता येतं. आणि आपणही असेंब्लीचा व्हिडिओ घेऊन सगळ्या वर्गातली लेकरं स्टेटसला टाकू नयेत. त्यांतल्या कुणाच्या घरी काय अडचण आहे हे आपल्याला माहीत नसतं.

९. व्हॉट्सअ‍ॅपचा गट

गटात विचारण्याआधी वीकली उघडा. गटावर 'उद्या सुट्टी आहे म्हणे' असं आलं की वीस मिनिटांत चाळीस संदेश होतात. सूचना खरी फक्त ईमेलवरची किंवा अ‍ॅपवरची. एखाद्या शिक्षकाबद्दल तक्रार असेल तर ती गटात मांडू नका, वर्गशिक्षिकेला मेल करा, मग समन्वयकांना. लेखी ठेवा, तारखेसह.

१०. क्लब, जादा उपक्रम आणि पैसे

वर्षाच्या सुरुवातीला वीकलीसोबत क्लबची यादी येते: रोबोटिक्स, बुद्धिबळ, फुटबॉल, तबला, नाटक, एमयूएन म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या सभेसारखी चर्चा. जागा मोजक्या असतात, अर्ज भरायला दोन-चार दिवसच मिळतात. मुलाला विचारूनच नाव द्या आणि एकच निवडा. क्लबच्या दिवशी परतीची बस वेगळी असते. ती तुमच्या कॉलनीपर्यंत येते का, हे आधी विचारा.

फीमध्ये काय धरलं आहे आणि काय नाही, हे जूनमध्येच लेखी मागा. महाराष्ट्राच्या २०११ च्या शुल्क नियमन कायद्यानुसार खासगी शाळेत पालक-शिक्षक संघ असावा लागतो आणि त्याच्या कार्यकारी समितीत चिठ्ठ्या टाकून पालक निवडतात. वीकलीत ही सूचना एकदाच, वर्ष सुरू होताना येते. नाव नक्की द्या. गावाकडून आलेले पालक या समितीत फार कमी दिसतात, आणि मग बसचा थांबा, पाण्याची सोय, उन्हाळ्यातली वेळ हे प्रश्न मांडणारं कुणी उरत नाही.

११. इथलं वर्ष आणि शाळेचं वर्ष

शाळेचं कॅलेंडर आपल्या सणांप्रमाणे हलत नाही. दोन्ही शेजारी ठेवून पाहावं लागतं.

१७ सप्टेंबरला मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन असतो. झेंडावंदनाची वेळ आदल्या शुक्रवारच्या पत्रकात पाहा, कारण बस सकाळी लवकर येते. हैदराबाद संस्थानातून आपण १९४८ साली मोकळे झालो, हे परराज्यातून आलेल्या मुलांना माहीत नसतं. घरात कुणी रझाकाराच्या काळातल्या आठवणी ऐकलेल्या असतील तर शाळेला कळवा. २७ फेब्रुवारीला मराठी भाषा गौरव दिन. त्या आठवड्यात शाळा पालकांना गोष्ट सांगायला बोलावते.

पोळ्याला सुट्टी नसते. येळवशीलाही नसते. येळवशी म्हणजे वेळ अमावास्या, ती लातूर-धाराशिवकडे घराघरात पाळतात, संभाजीनगरच्या शाळेला तिचं नावही ठाऊक नसतं. आम्ही दरवर्षी त्या दिवशी माहेरी जातो. खोटं आजारपण लिहू नका. मी आठवडाभर आधी मेल केला: शेतात कडब्याची कोपी, म्हणजे छोटी खोप, करतात, पांडवांची पूजा करतात, भज्जी, आंबील आणि उंडे करून गावोगावची माणसं रानात जेवायला बोलावतात, त्यासाठी एक दिवस सुट्टी हवी. बाईंचं उत्तर आलं, सुट्टी मंजूर, पण आल्यावर वर्गाला सांगायचं.

एप्रिलमध्ये ऊन चाळिशीच्या वर जातं. वेळ सकाळची होते, मैदानावरचे कार्यक्रम हलतात, आणि हे बदल कधी कधी शुक्रवारची वाट न पाहता मधेच येतात. त्या महिन्यात रोज रात्री अ‍ॅप उघडा.

१२. वीकलीत आपलं काही छापून यावं असं वाटलं तर

बहुतेक शाळा पालकांकडून आणि मुलांकडून मजकूर घेतात, फक्त कुणी पाठवत नाही. आमच्याकडे बुधवारी दुपारपर्यंत वर्गशिक्षिकेला पाठवावं लागतं. तुमच्या शाळेचा वार विचारून घ्या. मजकूर लहान, साधारण शंभर शब्द. एक फोटो, ज्यात दुसऱ्या मुलांचे चेहरे नाहीत. मुलानेच लिहिलेलं असावं. इंग्रजीत जमत नसेल तर मराठीत पाठवा आणि तसंच छापा अशी विनंती करा.

येळवशीहून आल्यावर लेकीने मराठीत सात ओळी लिहिल्या. कोपीच्या दाराशी उभ्या असलेल्या माझ्या वडिलांचा पाठमोरा फोटो जोडला. तो शुक्रवारी दुसऱ्या पानावर आला, खाली बाईंनी केलेलं इंग्रजी भाषांतर. औशाला प्रिंट काढून पाठवली आहे. वडिलांनी ती देवघराशेजारी लावली.